किशोरीची देहप्रतिमा आणि तिची सामाजिक घडण : काही भारतीय साहित्यकृतींच्या आधारे

१

माणसाच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी जे चित्र असते त्याला मानसशास्त्रात देहप्रतिमा ही संज्ञा आहे. व्हिएन्ना येथे शिकलेला मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर याने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. मेंदूला अवयवांच्या स्थितीचे जे ज्ञान होत असते ते देहप्रतिमेचे केवळ एक अंग होय, असे त्याने दाखवले. प्रत्येकाची देहप्रतिमा इतरांच्या दृष्टीतून, स्पर्शातून व बोलण्यातून घडत जाते, हा त्याच्या विवेचनाचा अधिक महत्त्वाचा भाग. त्याच सुमारास फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने चालणे, बसणे, पोहणे, झोपणे यांसारख्या निसर्गदत्त वाटणाऱ्या क्रियादेखील समाज शिकवीत असतो, असे प्रतिपादन केले होते. या दोन विचारांची सांगड घातली म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. शरीराविषयीची जाणीव जर इतरांकडून मिळत असेल, तर हे 'इतर' कोण असतात? एका वाड्यातील मुलीचे 'इतर' आणि एका गावकुसाबाहेरील मुलीचे 'इतर' यांत जे अंतर असते, ते त्यांच्या देहप्रतिमांत कोणत्या रूपाने उतरते?

हा प्रश्न किशोरवयीन मुलीच्या संदर्भात विशेष तीव्र होतो. या वयात शरीर झपाट्याने बदलते आणि त्या बदलाचा अर्थ लावण्याचे काम मात्र तिच्या हाती फारसे नसते. मराठी भाषेतील शब्दच याची साक्ष देतात. मुलगी 'अंगाने भरली', 'उफाड्याची आहे', 'थोराड दिसते', 'वाळली', 'अंग धरू लागली' हे सारे प्रयोग पाहणाऱ्याच्या बाजूने झालेले आहेत. जिचे ते अंग आहे तिने स्वतःविषयी योजावेत असे शब्द त्या मानाने थोडे. शिवाय देह, शरीर, काया, कुडी, अंग या शब्दांचे प्रांतही वेगळे आहेत. 'काया' वैराग्याच्या बोलण्यात येते, 'शरीर' वैद्याच्या आणि 'अंग' हा शब्द कष्टाच्या. अंगमेहनत, अंगावर काम पडणे, खाल्लेले अंगी लागणे अशा प्रयोगांतून शरीर हे दिसण्याची नव्हे तर पेलण्याची वस्तू म्हणून उभे राहते. स्थूलमानाने असे म्हणता येईल की 'रूप' आणि 'अंग' या दोन शब्दांमध्ये दोन भिन्न सामाजिक जगे वसलेली आहेत. भारतीय साहित्यात किशोरीच्या देहाचे जे चित्रण येते ते या दोन जगांच्या भेदाकडे लक्ष ठेवून वाचले, तर काय हाती लागते हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. किशोरावस्था ही जैविक घटना असली तरी जीवनातील एक स्वतंत्र कालखंड म्हणून ती सर्वांना सारखी मिळालेली नाही. ऋतुप्राप्ती आणि विवाह यांच्यामध्ये काही वर्षे मोकळी राहिली तरच मुलीला किशोरावस्था लाभते. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ जातींत हा अवकाश जवळजवळ नव्हताच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा महाराष्ट्रात व बंगालमध्ये जे वादळ उठले त्याच्या मुळाशी बारा वर्षांखालील मुलीच्या शरीरावर अधिकार कोणाचा, हाच प्रश्न होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा केले आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. कायदा आणि व्यवहार यांतील अंतर लक्षात घेऊनही असे म्हणावे लागते की विवाहाचे वय जसजसे वर सरकले तसतशी 'किशोरी' ही व्यक्ती समाजात दिसू लागली. ती आधी दिसली शिकलेल्या, पांढरपेशा, शहरी घरांत. शाळेत जाणारी, आरशासमोर उभी राहणारी, वर्गमैत्रिणींशी स्वतःची तुलना करणारी मुलगी हीच मुळात एका विशिष्ट वर्गाची निर्मिती होय.

ऋतुप्राप्तीविषयीचे आचार पाहिले तरी हेच दिसते. तामिळनाडूत हळदीच्या पाण्याने स्नान घालण्याचा समारंभ, आसामात 'तुलनी बिया' नावाने होणारे लटके लग्न, महाराष्ट्रात एके काळी मुलीला मखरात बसवून केलेले न्हाणाचे कौतुक, हे सारे सोहळे मुलीच्या शरीरातील बदल जाहीर करतात. त्याबरोबरच 'बाजूला बसणे', 'कावळा शिवणे' असे अस्पर्शाचे नियमही लागू होतात. एकाच शरीराला एकाच वेळी मंगल आणि विटाळलेले ठरवणारी ही दुहेरी शिकवण मुलीला देहप्रतिमेचा पहिला धडा देते. महाराष्ट्रातील उच्च जातींत बालविवाह मागे पडला तसा मखराचा सोहळाही मागे पडला, कारण त्याचा संबंध गर्भाधानाशी होता. विटाळाचे नियम मात्र त्यानंतरही बराच काळ टिकले. कौतुक गेले आणि संकोच उरला, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

३

उच्च व मध्यम जातींतील किशोरीच्या देहप्रतिमेवर सर्वांत खोल ठसा उमटतो तो विवाहाच्या बाजूने होणाऱ्या निरीक्षणाचा. या निरीक्षणाला जुनी परंपरा आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास योग्य व अयोग्य कन्यांची शारीरिक लक्षणे दिली आहेत. केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरील लोम, दातांचा आकार, चालण्याची ढब यांचा त्यात विचार आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही कन्यालक्षणांचे स्वतंत्र प्रकरण आहे. या ग्रंथांत सौंदर्य हा विषय गौण असून शरीर हे भविष्याचे चिन्ह म्हणून वाचले जाते. अमुक ठेवणीची मुलगी घरात आली तर कुळाचे काय होईल, हा प्रश्न तेथे मुख्य आहे. म्हणजे मुलीचे शरीर तिचे नसून होणाऱ्या कुळाचे आहे, असा सिद्धांत त्यामागे उभा असतो.

आधुनिक काळात शास्त्राची ही भाषा ओसरली आणि तिची जागा वधूपरीक्षेच्या व्यवहाराने घेतली. राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने लिहिलेल्या विनोदी लेखांत ठकीच्या लग्नाच्या मोहिमेचा जो उपहास आहे, त्याचे लक्ष्य वरसंशोधनाची रूढी हे आहे. तथापि त्या विनोदाचे भांडवल पुष्कळ अंशी मुलीच्या रूपावरच उभे आहे, हेही लक्षात येते. रूढीची थट्टा करणारा लेखकदेखील रूढीची नजर उसनी घेतल्याशिवाय हसवू शकत नाही, इतकी ती नजर सर्वसंमत होती. विवाहविषयक जाहिरातींनी पुढे या नजरेचा जणू एक कोशच तयार केला. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी त्यातील उतरंड प्रत्येक मराठी वाचकाच्या परिचयाची आहे.

यातील 'सावळी' हा शब्द विशेष विचारणीय आहे. मराठी भक्तिकाव्यात देवाच्या वर्णनासाठी याहून लाडका शब्द नाही. विठ्ठल सावळा आहे, आणि त्या सावळेपणातच संतांना त्याचे लावण्य दिसते. संस्कृत परंपरेतही द्रौपदी कृष्णा आहे आणि तिच्या रूपाची ख्याती आहे. असे असताना जो शब्द मंदिरात गौरवाचा तोच वधूपरीक्षेच्या बैठकीत उणेपणा झाकण्याचा होतो. एकाच भाषेत एकच वर्ण दोन मोल घेऊन वावरतो, याचा अर्थ असा की वर्णाचे मोल डोळ्यांनी ठरत नसून व्यवहाराने ठरते. ज्या ठिकाणी मुलीचा वर्ण हुंड्याच्या रकमेशी जोडला जातो त्या ठिकाणी काव्यातील सावळेपणा तिला उपयोगी पडत नाही.

या व्यवहाराचे सर्वांत मर्मभेदी चित्रण मराठीत नव्हे तर बंगालीत आढळते. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या 'अरक्षणीया' (१९१६) या लघुकादंबरीतील ज्ञानदा ही तेरा वर्षांच्या आसपासची मुलगी आहे. वडील वारलेले, आई परावलंबी, हिवतापाने शरीर खंगलेले, वर्ण काळवंडलेला. तिचे लग्न जमत नाही हा घराचा कलंक ठरतो. पाहायला येणाऱ्यांसमोर जाण्यासाठी ती स्वतःच्या हाताने नटते आणि तिच्या त्या नटण्याचे हसे होते, हा या कथेतील केंद्रवर्ती प्रसंग होय. येथे शरच्चंद्रांनी एक सूक्ष्म गोष्ट टिपली आहे. ज्ञानदाला सुंदर दिसण्याची हौस नाही. आईच्या गळ्याभोवती आवळलेला फास सैल करण्याचा एकच मार्ग तिला ठाऊक आहे आणि तो तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावरून जातो. तिची देहप्रतिमा म्हणजे जणू कुटुंबाच्या कर्जाचा हिशेब आहे. रोग, दारिद्र्य आणि वैधव्य यांनी जे केले त्याचा दोष शरीराच्या नावावर मांडला जातो, आणि शेवटी ती मुलगीही तो दोष आपलाच मानू लागते. सामाजिक परिस्थितीचे शारीरिक उणेपणात होणारे हे रूपांतर या विषयाच्या गाभ्याशी आहे.

मराठीत याच्या पुढची पायरी दिसते ती विभावरी शिरूरकर यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या संग्रहात. शिक्षण घेतलेल्या, मिळवत्या, पण विवाह लांबलेल्या मुलींच्या मनातील कोंडमारा या कथांतून प्रकट झाला आणि त्यामुळे त्या काळी मोठी खळबळ उडाली. लेखिकेने टोपणनावाचा आश्रय घेतला होता, हेही सूचक आहे. पाहणाऱ्याच्या बाजूने बोलले जाणारे शरीर येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर आतून बोलू लागले. तथापि या कथांतील 'कळ्या' एका विशिष्ट स्तरातील आहेत. त्यांच्या निःश्वासाला वेळ आहे, खोली आहे, आरसा आहे. त्यांच्याच वयाच्या ज्या मुली त्या वेळी शेतात, गिरणीत किंवा परक्याच्या धुण्याभांड्यांत होत्या, त्यांच्या शरीराची भाषा मराठी साहित्यात यायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

४

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यपूर्व काळातील महार समाजाचे, विशेषतः त्यातील स्त्रियांचे जीवन त्यात आले आहे. या आत्मकथनात रूपाची चर्चा जवळजवळ नाही. शरीर येते ते भुकेच्या, बाळंतपणाच्या, मारहाणीच्या आणि ओझ्याच्या संदर्भात. कोवळ्या वयात सासरी आलेल्या सुनांना घरातले न संपणारे काम, सासूचा जाच, पळून जाण्याचा प्रयत्न केला तर होणारी भयानक शिक्षा यांची वर्णने त्यात आहेत. नाक कापण्यापर्यंत ही शिक्षा जाई. ज्या समाजाला शरीराखेरीज दुसरी मालमत्ता नव्हती त्या समाजात सत्ता गाजवायलाही सुनेच्या शरीराखेरीज दुसरी जागा नव्हती, हे लेखिकेने कोणतीही भीड न ठेवता सांगितले आहे.

याच पुस्तकातील एक तपशील देहप्रतिमेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. महार स्त्रियांनी लुगड्याचे काठ दिसू न देता ते निऱ्यांत दडवून नेसावे, असा दंडक होता. काठ मिरवण्याचा अधिकार वरच्या जातींच्या स्त्रियांचा. म्हणजे लुगडे नेसायला शिकणारी मुलगी त्याच वेळी स्वतःची जात अंगावर लिहायला शिकत होती. किशोरवयात नेसण्याची ढब अंगवळणी पडते, आणि एकदा पडली की ती नैसर्गिक वाटू लागते. मॉसने ज्याला शरीराचे तंत्र म्हटले त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात नेसण्याच्या या पद्धतीचा आणि चांदी-कथलाच्या जड दागिन्यांचा त्याग करण्याचे आवाहन केले, कारण त्या अस्पृश्यतेच्या खुणा होत्या. त्या आवाहनाचा अर्थ वेशभूषेची सुधारणा एवढाच घेणे अपुरे ठरेल. लुगडे घोट्यापर्यंत नेसणारी मुलगी स्वतःच्या देहाचे वाचन बदलत होती, आणि पाहणाऱ्यालाही ते बदलायला भाग पाडत होती.

केरळातील त्रावणकोर संस्थानात याच प्रश्नाने एकोणिसाव्या शतकात उग्र रूप धारण केले होते. शाणार, म्हणजे नाडार, स्त्रियांना वरच्या जातींपुढे छाती झाकण्याची मुभा नव्हती. अनेक दशकांच्या संघर्षानंतर १८५९ च्या राजघोषणेने त्यांना वक्षस्थळ झाकण्याचा अधिकार मिळाला. पण तोही उच्च जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र न घेता, अशा अटीवर. झाकणे मान्य झाले, सारखेपणा मान्य झाला नाही. लाज ही सर्व स्त्रियांची स्वाभाविक भावना आहे असे काव्यशास्त्र गृहीत धरते. इतिहास मात्र सांगतो की लाज बाळगण्याचा अधिकारदेखील जातीनुसार वाटलेला होता.

तमिळ लेखिका बामा यांच्या 'संगति' (१९९४) या कृतीत हा धागा वर्तमानाच्या जवळ येतो. त्यातील परैयर समाजाच्या मुली लहानपणापासून कामाला जुंपलेल्या आहेत. घरात मुलग्याच्या पानात आधी आणि अधिक पडते. मायकण्णीसारखी कोवळी मुलगी काड्यापेटीच्या कारखान्यात जाते. मारियम्मा या तरुण मुलीवर जमीनदार हात टाकू पाहतो, ती निसटते, आणि गावच्या पंचायतीत दोषी मात्र तीच ठरते. या मुलींच्या देहप्रतिमेत 'मी कशी दिसते' या प्रश्नाच्या आधी 'मी कोणाच्या दृष्टीस पडते' हा प्रश्न येतो. दिसणे हा तेथे धोका आहे. तरीही बामा यांच्या लेखनात केवळ पीडा नाही. न्हाणाच्या समारंभात म्हटली जाणारी गाणी, बायकांचे ठसकेबाज बोलणे, स्वतःच्या कष्टाचा अभिमान यांमुळे तेथे शरीराला एक वेगळे तेज प्राप्त होते. राबणाऱ्या अंगाचा हा अभिमान पांढरपेशा साहित्यातील किशोरीच्या वाट्याला क्वचितच आलेला आहे.

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये कोकणातील डोंगरवाट तुडवीत, डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका प्रारंभीच भेटतात. त्यांच्या शरीराचे मोल चढणीवर ठरते. पुढे शाळा, नोकरी, मुंबई अशा क्रमाने लेखिकेचा प्रवास होतो आणि त्याबरोबर शरीराविषयीचे प्रश्नही बदलतात. पाळी, लग्न, कामजीवन यांविषयीचे त्यातील मोकळे निवेदन मराठी आत्मकथनाच्या इतिहासात महत्त्वाचे मानावे लागेल. नागपूरच्या गिरणी कामगार कुटुंबात वाढलेल्या कौसल्या बैसंत्री यांनी 'दोहरा अभिशाप' (१९९९) हे आत्मकथन हिंदीत लिहिले. शाळेत गेल्यावर आपली जात उघडी पडेल या धास्तीने मुलगी स्वतःला कशी आक्रसून घेते, याचे त्यातील वर्णन मराठी मुलखाबाहेरच्या वाचकांपर्यंत थेट पोचले. शाळा ही मुक्तीची जागा खरी. पण भिन्न स्तरांतील मुली पहिल्यांदा एका बाकावर येतात तीही तेथेच, आणि म्हणून तुलनेचा पहिला व्रणही बहुधा तेथेच उमटतो.

५

बाजार आणि दृश्य माध्यमे यांनी या चित्रात कोणता बदल केला, याचे उत्तर शोधताना एका दूरच्या बेटावरील संशोधन मार्गदर्शक ठरते. फिजीच्या पश्चिमेकडील नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी पोचली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ ॲन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आगमनानंतर काही आठवड्यांतच तेथील मूळ फिजियन शाळकरी मुलींची एक पाहणी केली आणि दुसरी पाहणी १९९८ मध्ये केली. खाण्याविषयीच्या विकृत प्रवृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर गुण मिळालेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढण्याचा प्रकार पहिल्या पाहणीत एकाही मुलीने सांगितला नव्हता. दुसऱ्या पाहणीत तो ११.३ टक्के मुलींनी सांगितला. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि त्यांची संख्या अनुक्रमे ६३ व ६५ इतकीच होती, हे विसरता येत नाही. तरी बदलाची दिशा स्पष्ट आहे.

या संशोधनाचा लोकप्रिय निष्कर्ष असा काढला जातो की दूरचित्रवाणीने मुलींना बिघडवले. बेकर यांचे विवेचन याहून सखोल आहे. पारंपरिक फिजीत भरलेले, दणकट शरीर हे केवळ त्या व्यक्तीचे नसे. घराने, आप्तांनी, गावाने तिची किती काळजी घेतली याचा तो पुरावा असे. एखादी व्यक्ती रोडावली तर उणेपणा तिच्या माणसांना येई. १९९८ मधील मुली मात्र पडद्यावरील सडपातळ स्त्रियांकडे पाहताना नोकरीचा, पैशाचा, शहरी यशाचा विचार करीत होत्या. शेती आणि नात्यागोत्याच्या व्यवस्थेतून वेतनाच्या व्यवस्थेत जाताना शरीर हे आप्तांच्या जबाबदारीतून निघून एकटीच्या भांडवलात जमा झाले. दूरचित्रवाणीने त्या स्थलांतराला एक चेहरा दिला.

मराठी वाचकाला यातील पहिली अवस्था परकी वाटणार नाही. माहेरी आलेल्या लेकीला पाहताच 'किती वाळलीस गं' असे आईच्या तोंडून निघते. त्या उद्गारात रूपाची चिकित्सा नसते, सासरवर ठेवलेला मूक आरोप असतो. लेकीचे अंग हे दोन घरांमधील संबंधांचे पत्र असते आणि आई ते वाचते. जात्यावरच्या ओव्यांत लेकीच्या सासुरवासाचा जो अखंड विचार चाललेला असतो त्यातही ही जाणीव आहे. गी प्वात्वँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध झाला. देहप्रतिमेच्या अभ्यासकाला ही सामग्री मानसशास्त्रीय प्रश्नावल्यांइतकीच महत्त्वाची वाटायला हवी. तेथे बाईचे शरीर बाईच्याच शब्दांत, आणि बहुधा श्रमाच्या लयीत बोलते.

भारतात बाजाराने आधी आकाराला नव्हे तर वर्णाला हात घातला. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि लहान पुड्यांतून खेडोपाडी पोचले. २०२० मध्ये त्याच्या नावातील गोरेपणाचा शब्द वगळण्यात आला. १९९१ नंतरचे आर्थिक खुलेपण, १९९४ साली दोन भारतीय तरुणींना मिळालेली जागतिक सौंदर्यस्पर्धांची पदे, उपग्रह वाहिन्यांचा प्रसार यांमुळे सडपातळपणाचा आदर्शही त्याला येऊन मिळाला. जुना आदर्श मात्र गेला नाही. गोरेपणाची मागणी विवाहाने केलेली होती, सडपातळपणाची मागणी शहरी नोकरीच्या व करमणुकीच्या जगाने केली. मध्यमवर्गीय किशोरीला आता दोन्ही परीक्षांना बसावे लागते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले आहे की श्रमिक वर्ग शरीराच्या बळाकडे पाहतो आणि जसजसे वर जावे तसतसे शरीराच्या आकाराकडे लक्ष वाढत जाते. फ्रान्ससाठी काढलेला हा निष्कर्ष भारताला सरसकट लावता येत नाही, कारण येथे वर्गाच्या जोडीला जात आणि वर्ण आहेत. पण संशोधनाची साधने कशी अपुरी पडतात हे समजण्यास तो उपयोगी आहे. देहप्रतिमेच्या अभ्यासात १९८३ पासून सर्वत्र वापरली गेलेली एक पट्टी आहे. तीत अत्यंत कृश ते अत्यंत स्थूल अशा नऊ रेखाकृती असतात आणि मुलीने आपण कोणती आहोत व कोणती व्हावीशी वाटते ते सांगायचे असते. त्या आकृत्यांना रंग नाही, वस्त्र नाही, डोक्यावर ओझे नाही. ज्ञानदाला आपले दुःख त्या पट्टीवर दाखवता आले नसते. काठ दडवून लुगडे नेसणाऱ्या मुलीलाही आले नसते.

दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५४.१ टक्के होते. एकाच देशात काही मुली मुद्दाम कमी खातात आणि कितीतरी अधिक मुलींना पुरेसे व सकस अन्न मिळतच नाही. दोघींचे कृशत्व वजनकाट्यावर सारखे दिसेल. एकीला ते यश वाटते, दुसरीला ते आपल्या घराचे दैन्य उघडे पाडणारे वाटते. शरीराचे माप तेच, देहप्रतिमा मात्र परस्परविरुद्ध. सामाजिक पार्श्वभूमीचा परिणाम म्हणतात तो हा.

६

वरील विवेचनावरून काही गोष्टी हाती येतात. पहिली अशी की किशोरीची देहप्रतिमा ही एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे नसून, प्रश्नच मुळात भिन्न असतात. विवाहाच्या बाजारात उभी असलेली मुलगी 'मी कशी दिसते' असे विचारते, श्रमाच्या जगातील मुलगी 'माझे अंग किती पेलेल' असे विचारते, आणि जातीच्या सत्तेखालील मुलगी 'मी कोणाच्या दृष्टीस पडते' असे विचारते. अर्थात हे तीन प्रश्न तीन स्वतंत्र पेट्यांत बंद नाहीत. शिक्षण, स्थलांतर आणि नोकरी यांमुळे एकाच मुलीच्या आयुष्यात ते एकामागून एक, कित्येकदा एकाच वेळी, उपस्थित होतात. 'आयदान'सारख्या आत्मकथनाचे सामर्थ्य या संक्रमणाच्या चित्रणात आहे.

दुसरी गोष्ट साहित्यसमीक्षेशी संबंधित आहे. संस्कृत काव्यातील नखशिखान्त वर्णनांची परंपरा भारतीय समीक्षेने सौंदर्यदृष्टी म्हणून अभ्यासली, आणि दलित स्त्रियांची आत्मकथने वेदनेचे दस्तऐवज म्हणून. एका बाजूला रूप, दुसऱ्या बाजूला दुःख अशी ही वाटणी समीक्षेनेही जातिव्यवस्थेकडूनच घेतली आहे की काय, असा प्रश्न विचारला पाहिजे. नखशिखान्त वर्णनामागे निरीक्षणाची सत्ता आहे हे जसे ओळखावयाचे, तसेच 'जिणं आमुचं' किंवा 'संगति' यांत देहाचे सौंदर्यशास्त्रही आहे, हे मान्य करावयाचे. कष्टाने तयार झालेल्या अंगाचा डौल, ओझे पेलणाऱ्या मानेचा ताठा, काठ उलगडून नेसलेल्या लुगड्याची मिरवणूक यांना काव्यशास्त्रात नाव नाही, म्हणून ते सौंदर्य ठरत नाही असे नव्हे.

तिसरी गोष्ट तौलनिक अभ्यासाची. बंगाली ज्ञानदा, तमिळ मायकण्णी आणि मारियम्मा, मराठीतील विभावरींच्या 'कळ्या' व बेबी कांबळे यांच्या सुना, हिंदीत लिहिणाऱ्या कौसल्या बैसंत्री यांना शेजारी ठेवले म्हणजे भाषेपेक्षा स्तर अधिक जवळीक निर्माण करतो, असे आढळते. महार सून आणि परैयर मुलगी यांची शरीरविषयक भाषा एकमेकींना जितकी कळेल तितकी ती त्यांच्याच भाषेतील वाड्यावरच्या लेकीला कळेलच असे नाही. भारतीय साहित्य ही कल्पना भाषाभाषांतील पुलांवर उभी आहे असे नेहमी म्हटले जाते. ते पूल ज्या दोन तीरांवर टेकतात त्या तीरांची सामाजिक उंची मोजण्याचे काम मात्र बरेचसे राहून गेले आहे. किशोरीच्या देहप्रतिमेसारखा वरकरणी लहान वाटणारा विषय ते काम सुरू करण्यास पुरेसा आहे. पालक, शिक्षक व आरोग्यसेवक यांच्या दृष्टीनेही त्याचे मोल कमी नाही, कारण मुलीच्या मौनामागे कोणता प्रश्न दडला आहे हे ओळखल्याशिवाय तिला दिलेले कोणतेही उत्तर तिच्यापर्यंत पोचत नाही.